ठिपक्यांचें चित्र व रेषांचें चित्र

सोलापूर शहरांतून अक्कलकोटच्या रस्त्यानें बाहेर पडलें म्हणजे एमआयडीसीची वसाहत लागते. चादरी व टॉवेल विणणारे कारखाने तेथें आहेत, आणि या शहरांतील कित्येक घरांची चूल त्या मागांवर चालते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेथें विणल्या जाणाऱ्या टॉवेलांपैकीं कांहींवर एखाद्या हॉटेलाचें, रुग्णालयाचें अथवा संस्थेचें नांव व चिन्ह असतें. तें छापलेलें नसतें. विणतांनाच धाग्यांनीं उमटविलेलें असतें. गिऱ्हाइकाकडून हें चिन्ह बहुधा मोबाइलवर पाठविलेल्या बोटभर चित्राच्या रूपानें येतें. लहान पडद्यावर तें स्वच्छ दिसतें. परंतु टॉवेलाच्या मापाचें करूं जावें तों त्याच्या गोलाईला पायऱ्या पडतात, अक्षरांच्या कडा धुरकट होतात, आणि कारखान्यांतील डिझायनर "चित्र फाटलें" म्हणून कपाळाला हात लावतो. कागद फाटावा तसें येथें कांहींच फाटत नाहीं. मग होतें तरी काय, आणि त्यावर उपाय कोणता, हें या लेखांत पाहावयाचें आहे. विषय गणिताच्या तासाचा आहे, चित्रकलेच्या तासाचा आहे, आणि थोडासा मराठीच्याही तासाचा आहे. तो कसा, तें पुढें येईल.

प्रथम ठिपक्यांच्या चित्राविषयीं. संगणकाच्या परिभाषेंत त्यास बिटमॅप म्हणतात. सोलापूरच्या मुलांस तें समजण्यास संगणकाची गरज नाहीं. चादरीचा नमुना ज्या चौकटींच्या कागदावर काढतात तो ग्राफ डोळ्यांपुढें आणावा म्हणजे झालें. ग्राफाची प्रत्येक उभी ओळ हा एक उभा धागा, प्रत्येक आडवी ओळ हा एक आडवा धागा. चौकट रंगविलेली असेल तर त्या ठिकाणीं उभा धागा वर उचलावयाचा, कोरी असेल तर खालीं ठेवावयाचा. फ्रान्समधील ल्यों शहरचे जोसेफ मारी जॅकार्ड यांनीं १८०४ च्या सुमारास हा हिशेब पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकें पाडून मागाकडून करवून घेण्याची युक्ति सिद्ध केली. जेथें भोक असेल तेथें सुई आरपार जाते व धागा उचलला जातो. जेथें भोक नसेल तेथें सुई मागें ढकलली जाते व धागा खालींच राहतो. एका आडव्या धाग्यास एक कार्ड. पुढें १८३९ मध्यें ल्यों येथेंच स्वतः जॅकार्ड यांचें चित्र रेशमांत विणण्यांत आलें. त्यास सुमारें २४,००० कार्डें लागलीं, आणि पाहणारास तें कोरीव ठशावरून छापलेलें चित्र वाटे. गणकयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज यांनीं त्याची एक प्रत मोठ्या हौसेनें आपल्या घरीं ठेविली होती. आज पुष्कळ मागांवरील जेकार्ड विजेवर व संगणकाच्या आज्ञेनें चालतो, तरी चौकटीचा हिशेब तोच राहिला आहे.

मोबाइलमधील छायाचित्र हा असाच एक ग्राफ होय. त्यांतील चौकटीस पिक्सेल म्हणतात, आणि प्रत्येक पिक्सेलच्या नांवें तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे ० पासून २५५ पर्यंतचे तीन आंकडे लिहिलेले असतात. याहून अधिक त्या फायलींत कांहीं नसतें. आपणांस त्यांत वर्तुळ दिसतें, कमळ दिसतें, अक्षर दिसतें; फायलीला मात्र वर्तुळही ठाऊक नसतें आणि कमळही ठाऊक नसतें. तिला एवढेंच ठाऊक असतें कीं अमक्या ओळींतील अमकी चौकट काळी आहे.

आतां थोडें त्रैराशिक करूं. एका चिन्हाचें चित्र ३०० पिक्सेल रुंद आहे असें समजा. चांगल्या छपाईसाठीं एका इंचांत ३०० ठिपके असावेत असा सामान्य दंडक आहे, म्हणजे हें चित्र एक इंच रुंदीपर्यंत उत्तम छापेल. तेंच दहा फूट रुंदीच्या फलकावर लावलें तर १२० इंचांत ३०० ठिपके, म्हणजे इंचास अडीच, अर्थात् प्रत्येक ठिपका सुमारें एक सेंटिमीटर लांबरुंद झाला. चित्र मोठें करतांना यंत्र दोहोंपैकीं एक गोष्ट करतें. एक तर तीच चौकट पुनःपुन्हां मांडतें, म्हणजे पायऱ्या दिसतात; किंवा शेजारच्या दोन चौकटींच्या रंगांची सरासरी काढून मधली जागा भरतें, म्हणजे पायऱ्या जातात पण धुकें येतें. दोन्ही वेळां नवीन माहिती कणभरही आलेली नसते. पांच ओळींचें पत्र मोठ्या अक्षरांत लिहून पन्नास पानांचें केलें तरी मजकूर पांच ओळींचाच राहावा, तसें हें आहे. त्यांत आणखी भर अशी कीं संदेशांतून चित्र पाठवितांना फाइल हलकी व्हावी म्हणून तें दाबलें जातें. १९९२ पासून रूढ झालेल्या जेपेग पद्धतींत चित्राचे आठ गुणिले आठ चौकटींचे तुकडे पाडून बारीक भेद टाकून दिले जातात. काळ्या अक्षरांभोंवतीं जी मळकट किनार दिसते ती बहुधा याचाच परिणाम होय.

रेषांचें चित्र, ज्यास व्हेक्टर म्हणतात, तें निराळ्या रीतीनें लिहिलेलें असतें. त्यांत ठिपके नसतात, आज्ञा असतात. "मध्य येथें, त्रिज्या एवढी, आंत निळा रंग भरावा" इतकें लिहिलें कीं वर्तुळ झालें. तें दुप्पट करावयाचें तर त्रिज्येचा आंकडा दुप्पट करावा. कडा जशी होती तशीच राहते, कारण कडा कोठें साठविलेलीच नव्हती. ती प्रत्येक वेळीं नव्यानें आंखली जाते.

वर्तुळाचें ठीक आहे. परंतु पानाची कड, हत्तीची सोंड किंवा 'श' अक्षराचें वळण यांस त्रिज्या कोठून आणावी? हा प्रश्न प्रथम मोटारींच्या कारखान्यांस पडला होता. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनींत पॉल द कास्तेल्जो यांनीं १९५९ मध्यें, आणि रेनॉल्ट कंपनींत पियर बेझिए यांनीं त्यानंतरच्या कांहीं वर्षांत, मोटारीच्या पत्र्याचें वळण थोड्याशा आंकड्यांत बांधण्याची रीत शोधून काढली. नांव बेझिए यांचें चाललें, कारण कास्तेल्जो यांचें काम कंपनीनें बराच काळ गुप्त ठेविलें. रीत इतकी सोपी आहे कीं आठवीच्या विद्यार्थ्यानें ती ग्राफच्या कागदावर आजच करून पाहावी.

चार बिंदू घ्या: क (०,०), ख (०,८), ग (८,८) आणि घ (८,०). क–ख, ख–ग व ग–घ यांचे मध्यबिंदू काढा. ते (०,४), (४,८) व (८,४) येतील. या तिहींमधील दोन मध्यबिंदू (२,६) व (६,६). त्या दोहोंचा मध्यबिंदु (४,६). वक्र क पासून निघून घ पर्यंत जातो आणि या (४,६) बिंदूंतून जातो. मध्यबिंदूऐवजीं एक चतुर्थांशावरचे, तीन चतुर्थांशावरचे बिंदू याच क्रमानें काढीत गेलें तर वक्रावरील आणखी बिंदू मिळतात, आणि ते जोडले कीं कमानीसारखी सुरेख रेषा उमटते. मधले दोन बिंदू ख व ग वक्रावर नसतात; ते दुरून त्याला ओढून धरतात. आतां चारही बिंदूंचे आंकडे दुप्पट करा व तीच कृति पुन्हां करा. उत्तर (८,१२) येईल. कमान दुप्पट झाली आणि तिचा डौल तिळभरही बदलला नाहीं. चित्र मोठें करूनही न बिघडण्याचें सारें रहस्य या चार बिंदूंत आहे.

छापखान्याचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांस याचें मोल विशेष कळेल. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत थॉमस ग्रॅहॅम यांनीं देवनागरीचे खिळे घडविले, आणि त्याच छापखान्यांत काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळीं अक्षराचा लहान आकार निराळा कोरावा लागे, मोठा आकार निराळा कोरावा लागे. शिशाचा खिळा ताणून मोठा होत नाहीं. १९८४ मध्यें ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आली, आणि अक्षर बेझिएच्या वक्रांनीं लिहिलें जाऊन हव्या त्या मापांत छापतां येऊं लागलें. आज आपण संगणकावर जें मराठी टंकलिखित करतों तें प्रत्येक अक्षर रेषांचेंच चित्र असतें. (जुन्या कारागिरांस मात्र एक गोष्ट ठाऊक होती, ती गणितानें विसरूं नये: अगदीं लहान अक्षराचें पोट किंचित् मोकळें ठेवावें लागतें, नाहींतर शाई भरून तें बुजतें.)

आतां मुख्य प्रश्न. ठिपक्यांचें चित्र हातीं आहे आणि रेषांचें पाहिजे, तर तें कसें करावें? या कामास ट्रेसिंग म्हणतात. पीटर सेलिंगर या गणितज्ञांनीं त्यासाठीं पोट्रेस नांवाची आज्ञावली लिहिली, आणि २००३ मध्यें सुरू झालेल्या इंकस्केप या चित्रकामाच्या साधनांत ती घातलेली आहे. हें साधन कोणासही मोफत घेतां येतें. त्यासाठीं महागडें यंत्रही लागत नाहीं. तिची चाल अशी. प्रथम प्रत्येक चौकट काळी कीं पांढरी याचा निवाडा केला जातो. मग शेताच्या बांधावरून पीक एका हाताला ठेवून चालावें तशी ती काळ्या भागाच्या कडेनें चालत जाते व फेरी पूर्ण करते. ही वाट पायऱ्यापायऱ्यांची असते. पायऱ्यांच्या जवळून जाणाऱ्या कमीत कमी सरळ रेघांनीं तिचा बहुभुज बनविला जातो, आणि शेवटीं त्या बहुभुजाच्या प्रत्येक कोनापाशीं ठरविलें जातें कीं हा खरोखरीचा कोपरा ठेवावा, कीं येथें बेझिएचा वक्र घालून गोलाई द्यावी.

या शेवटच्या निर्णयाकडे नीट पाहावें. तेथें यंत्र मोजीत नाहीं, अजमास करतें. सणाच्या सकाळीं दारांत ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या आजीला हें चटकन समजेल. ठिपके तेच असले तरी एकीच्या हातून त्यांतून कमळ निघतें आणि दुसरीच्या हातून कासव. ठिपके रेषेला आधार देतात. रेषा कोणती हें ते सांगत नाहींत. गोलाईचें मान वाढवून ठेवलें तर तारकेचीं टोंकें बोथट होऊन तिचें फूल होतें. अगदीं कमी केलें तर वर्तुळाचा बहुकोन होतो. ज्यानें मूळ वस्तु पाहिली आहे त्यालाच कळतें कीं येथें टोंक होतें, येथें वळण होतें. म्हणून एका कळीसरशीं रूपांतर होतें असें जें सांगतात तें अर्धेंच खरें आहे.

आणि येथेंच मराठीचा तास सुरू होतो. छायाचित्रांत धुळीचे बारीक डाग असतात, ते रेषांच्या चित्रांत येऊं नयेत म्हणून अशा आज्ञावलींत एक सोय असते: अमुक इतक्या चौकटींहून लहान असलेला सुटा डाग गाळावा. इंग्रजी शब्दांत आय या अक्षरावरील टिंब त्यांत गळलें तरी वाचणारा शब्द ओळखतो. आमच्या भाषेंत टिंबाला अनुस्वार म्हणतात! तो गेला तर 'खंत' चें 'खत' होतें, 'वंश' चा 'वश' होतो आणि 'मंद' मनुष्य 'मद' होऊन बसतो. यंत्राला धूळ आणि अनुस्वार यांतला भेद कळण्याचें कारण नाहीं. दोन्ही काळे ठिपकेच. तीच गोष्ट अक्षरांच्या पोटाची. 'ब' आणि 'व' यांत पोटांतील एका तिरप्या रेघेचा फरक, 'ष' आणि 'प' यांतही तसाच. 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांचे भेद तर माथ्यापाशीं असलेल्या तिळाएवढ्या फटींत किंवा गांठींत राहतात. बोटभर चित्रांत ती फट एका चौकटीची असली तर ट्रेसिंगमध्यें ती बुजलीच म्हणून समजावें, आणि 'घर' असें विणावयाचें तेथें 'धर' विणलें जाईल. शेंकडों टॉवेल उतरल्यावर असा दोष ध्यानांत आला तर त्याचा भार कोणावर पडतो तें कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांस विचारावें.

यासाठीं माझें स्पष्ट मत असें आहे कीं अक्षरें कधींही ट्रेस करूं नयेत. चिन्हाचा आकार ट्रेस करावा, हातानें सुधारावा. अक्षरें मात्र नव्यानें टंकावीं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' यासारखे चांगले देवनागरी टंक आज विनामूल्य मिळतात, आणि त्यांतील प्रत्येक अक्षर एखाद्या जाणत्या मनुष्यानें वक्र जुळवून आंखलेलें असतें. मूळ चिन्हांतील अक्षर वळणदार, हातानें रेखाटलेलें असेल आणि कोणत्याही टंकाशीं जुळत नसेल, तर चित्र मागें ठेवून त्यावर बेझिएचे बिंदू एकेक करून स्वतः लावावे. वेळ लागतो. परंतु असें करतां करतां अक्षराचें वळण मनांत जसें ठसतें तसें कित्ता गिरवूनही ठसत नाहीं.

सर्वच चित्रें रेषांचीं करतां येतात असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. घरोघरीं एक प्रश्न येतो: आजोबांचा एकच जुना फोटो आहे, दीड इंच रुंदीचा, तो मोठा करून भिंतीवर लावावयाचा आहे. याचें ट्रेसिंग केलें तर गालावरील छायेचे नकाशासारखे पट्टे पडतील, कारण चेहऱ्यावरील उजेड रेषांनीं बांधलेला नसतो. येथें उपाय उगमाकडे जाण्याचा. मोबाइलवर आलेली प्रत बाजूला ठेवावी आणि मूळ कागदी फोटो शोधून तो स्कॅनरवर इंचास १२०० ठिपक्यांनीं घ्यावा. दीड इंचाचे १,८०० ठिपके होतात. ते तीन फूट रुंदीच्या चित्रावर पसरले तर इंचास ५० पडतात, म्हणजे ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. सामान्य डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका भेद ओळखतो. दहा फुटांवरून ती जाडी मिलिमीटरहून थोडी कमी भरते. तेव्हां मूळ फोटो रेखीव असेल तर दहा फुटांवरून ठिपका दिसण्याचें कारण नाहीं.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें अशा फोटोंत पापण्या, सुरकुत्या व केस भरून देतात, आणि पाहणारा थक्क होतो. तीं साधनें असंख्य चेहरे पाहून शिकलेलीं असतात, व सामान्यतः चेहऱ्यावर जें असतें तें तीं घालतात. फुलाच्या नक्षीस हें चालेल. आजोबांच्या चेहऱ्यास चालेल काय? त्यांच्या भिवईवरील जुन्या जखमेची खूण मूळ फोटोंत दोन पिक्सेलची असेल तर साधन ती डाग समजून पुसून टाकूं शकतें. मग भिंतीवर जो गृहस्थ असेल तो तेजस्वी असेल, नीटनेटका असेल, पण नातवांना त्यांचे आजोबा म्हणून दाखवावा कीं नाहीं याचा घरच्यांनींच विचार करावा.

आतां पुन्हां मागाकडे. चौकस विद्यार्थी विचारील, कीं टॉवेल शेवटीं धाग्यांचा, म्हणजे चौकटींचाच. मग मध्यें रेषांचें चित्र करण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? याचें उत्तर टॉवेलाच्या विणींत आहे. टॉवेलांत उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताणलेला, तो जमीन विणतो. दुसरा सैल, त्याचे फांस वर येतात. नेहमींच्या विणींत तीन आडव्या धाग्यांमागें फांसांची एक ओळ पडते. त्यामुळें आडव्या दिशेनें इंचांत जितके फांस बसतात तितकेच उभ्या दिशेनें बसत नाहींत, आणि टॉवेलाची चौकट खरी चौरस नसतेच. समजा, आडवे इंचास २४ फांस आहेत व उभ्या इंचास १५ ओळी आहेत. पांच इंच व्यासाच्या वर्तुळास आडवे १२० व उभे ७५ फांस पाहिजेत. कोणी साध्या चौरस ग्राफावर १२० गुणिले १२० चें वर्तुळ काढून दिलें तर तें विणून पांच इंच रुंद व आठ इंच उंच असें अंडें बाहेर येईल. रेषांचें चित्र जवळ असेल तर त्यावर हव्या त्या मापाची जाळी ठेवतां येते: या टॉवेलास २४ व १५, त्या चादरीस आणखी कांहीं, आणि कारखान्याच्या पाटीस मुळींच नाहीं. ठिपक्यांवर दुसरे ठिपके बसविलें तर चुकीवर चूक चढते. रेषेवर ठिपके बसविले तर प्रत्येक वेळीं आरंभ शुद्ध असतो.

म्हणून पालकांपैकीं ज्यांस अशीं कामें द्यावीं वा घ्यावीं लागतात त्यांनीं गिऱ्हाइकाकडे प्रथम मूळ फाइल मागावी. ज्यानें चिन्ह रेखाटलें त्याच्यापाशीं ती एसव्हीजी किंवा पीडीएफ रूपांत बहुधा असते. पीडीएफ आली म्हणजे काम झालें असें मात्र नव्हे. तिच्या पोटांत कित्येकदां ठिपक्यांचेंच चित्र चिकटविलेलें असतें. पडद्यावर ती पुष्कळ पट मोठी करून कडा पाहावी. पायऱ्या दिसल्या कीं ओळखावें. मूळ फाइल नसेल आणि छायाचित्रच पाठवावयाचें असेल तर तें संदेशांत फोटो म्हणून न पाठवितां दस्तऐवज म्हणून पाठवावें, म्हणजे तें दाबलें जात नाहीं.

जाळी बसविल्यावरही डिझायनरचें काम संपत नाहीं. फांसाहून बारीक रेघ विणतां येत नाहीं, म्हणून कोठें रेघ जाड करावी लागते, कोठें सोडून द्यावी लागते. तिरप्या कडेवर कोणता फांस समोर आणावा व कोणता मागें ठेवावा हें एकेक चौकट पाहून ठरवावें लागतें. आणि अनुस्वारासाठीं निदान चार फांस, दोन आडवे व दोन उभे, आधींच राखून ठेवावे लागतात. एकटा फांस शेजारच्या फांसांत दडून जातो.